औदुंबरचं ब्रह्मचर्य आणि आपलं

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये एकट्या माणसाला दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, ‘शादी कब?’ दुसरा, ‘पूरा नाम?’ दुसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिला प्रश्न सहसा परत येत नाही.

मी चौतिशीचा. नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. गेल्या रविवारी मोबाइलवर ‘ब्रह्मचारी’ पुन्हा पाहिला. १९३८ चा सिनेमा. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, नायकही तेच. औदुंबर नावाचा तरुण ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून भारावतो, नट्यांची चित्रं काढून टाकतो, व्यायामाला लागतो. मग मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी येते आणि व्रताची फजिती होते. कॉलेजात असताना पोट धरून हसलो होतो. याही वेळी हसलो. ढोंगाची अशी टोपी उडवणं अत्र्यांनाच जमावं.

पण या वेळी एक गोष्ट मनात अडकली. औदुंबर आणि किशोरीच्या मधला खरा अडथळा म्हणजे त्याचं व्रत. ते सुटलं की वाट मोकळी. आपल्यापैकी कितीजणांची वाट इतकी सोपी असते?

या सिनेमाच्या २२ वर्षं आधी, मे १९१६ मध्ये, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीतल्या जातीत लग्न, यावरच जात उभी आहे, हे त्यांनी त्यात मांडलं. मग नवरा किंवा बायको मेली की मागे उरलेल्याचं काय करायचं? तो जातीबाहेर गेला तर कुंपण मोडतं. जातीत पुन्हा लग्न केलं तर दुसऱ्या कुणाचा जोडीदार कमी होतो. उरलेल्या बाईसाठी सती आणि सक्तीचं वैधव्य आलं. पुरुषाला जाळणं परवडणारं नव्हतं, ब्रह्मचर्य लादणं जड होतं. म्हणून त्याच्यासाठी वयात न आलेली मुलगी शोधली. कुणी एकटं राहायचं, हाही जातीचाच हिशेब. अत्रे व्रतावर हसले. बाबासाहेबांनी आधीच जातीची खातेवही उघडून दाखवली होती.

माझं नावही त्या वहीत आहे. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मैत्रिणीशी लग्न ठरत आलं होतं. तिच्या घरी दोनदा जेवलो. पुढे आडनावावरून गाव आणि गावावरून वस्ती निघाली; तिसरं जेवण झालंच नाही. ही गोष्ट मी खूपदा सांगतो, कारण तिच्यात माझी चूक नाही.

न सांगितलेली गोष्ट दुसरीच. मागच्या मे महिन्यात बहिणीने तिच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेचं स्थळ सुचवलं. मुलगी मातंग समाजातली. आई फोनवर म्हणाली, “पोरगी चांगली हाय रे, पण आपल्यातली न्हाई. भावकी काय म्हणंल?” मी ‘बघू’ म्हणालो आणि फोन ठेवला. तो ‘बघू’ अजून तसाच पडून आहे.

आईच्या ‘आपल्यातली’मध्ये माज नाही, भीती आहे, हे मला कळतं. तिने आयुष्यभर बाहेरच्यांचे दरवाजे बंद होतानाच पाहिले. पण भीतीपोटी घातलेलं कुंपणही कुंपणच. आईला शाळा मिळाली नाही. मी तर तो निबंध वाचलेला माणूस. आंतरजातीय लग्न हाच जातीवरचा खरा इलाज, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिभेदाचे निर्मूलन’मध्ये लिहिलं. जयंतीला आपण ते फलकावर रंगवतो आणि बायोडाट्यात पोटजातीचा रकाना न चुकता भरतो. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नं जेमतेम ५ टक्के निघाली. उरलेल्या ९५ मध्ये आपणही आहोत.

औदुंबरचं व्रत मोडायला किशोरी आली. माझं मलाच मोडावं लागेल. या रविवारी आईशी बोलून मग बहिणीला विचारणार आहे, त्या बाईंची हरकत नसेल तर भेटता येईल का? त्या नाही म्हणतील कदाचित. तो त्यांचा हक्क. पण या वेळी नकार जातीचा नसेल, निदान माझ्या बाजूने.

तुमच्याकडेही असा एखादा ‘बघू’ पडून असेल, तर तोही काढा बाहेर.