संतप्त नातेवाईक आणि आपली पथ्याची ढाल

रुग्णाचे नातेवाईक संतापून चिकित्सालयात आले, की आपल्या मुखी पहिले वाक्य येते ते ‘पथ्य चुकले असेल’ हे. व्यवसायबंधूंनी या सवयीचा पुनर्विचार करावा, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वी आमवाताच्या एका वृद्ध रुग्णेचा मुलगा दोन सोबत्यांसह आमच्याकडे आला. तीन दिवसांच्या जुलाबांनी आईला उठवतही नव्हते. टेबलावर हात आपटून तो जाब विचारू लागला. आम्ही सवयीने पथ्याचा विषय काढला. त्याचा आवाज अधिकच चढला. ‘शांत व्हा’ म्हणताच सोबतीही पुढे सरसावले. (या दोन शब्दांनी कोणी शांत झाल्याचे आम्ही आजवर पाहिलेले नाही.)

अखेर आम्ही लेखणी खाली ठेवली, त्यांना खुर्च्या दिल्या आणि म्हणालो, ‘पहिल्या दिवसापासून सांगा.’ मध्ये एकदाच बोललो : ‘म्हणजे तिन्ही रात्री तुम्ही एकटेच आईजवळ होता.’ त्याचा स्वर तेथे उतरला. बोलता बोलता तो म्हणाला, ‘दिवसा त्या गोळ्या, रात्री ते तेल...’

सिंहनाद गुग्गुळ सुरू करताना पूर्वीचा एरंडस्नेह थांबवावा, हे सांगावयाचे आमच्याकडून राहून गेले होते. औषधालयातून जुन्या चिठ्ठीवर तो दिला जात होता. चूक आम्ही तेथेच मान्य केली, दोन्ही औषधे बंद केली आणि रुग्णेस तातडीने सलाईनसाठी रुग्णालयात पाठविले. पथ्यावर अडून बसलो असतो, तर त्या रात्रीही तिला तेल दिले गेले असते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात धारणीय वेग सांगताना कठोर, अतिरिक्त आणि अवेळी बोलण्याचा वेगही आवरावयास सांगितले आहे. मलमूत्राचे अधारणीय वेग आपण रुग्णांना नित्य समजावतो. हा वेग मात्र आपल्यासाठी आहे. वैद्यकीय सेवेवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हात उगारला गेल्यास त्याचा आधार अवश्य घ्यावा. परंतु त्याची धमकी पहिल्याच वाक्यात दिली, तर एरंडस्नेहाची गोष्ट ऐकावयास मिळत नाही.

औषधालयचालकांनाही एक विनंती. ‘वैद्यांना विचारा’ म्हणून तक्रार आमच्याकडे ढकलली, की माणूस दुप्पट संतापून येतो. कोणते औषध, केव्हा, किती घेतले, एवढे विचारून लिहून घ्यावे आणि त्याच्यासमोरच आम्हांस दूरध्वनी करावा.