कोंबडी आधी की तापमापक आधी?

‘कोंबडी आधी की अंडे आधी?’ हे कोडे तुम्ही अनेकदा ऐकले असेल. त्याचा वाद आज बाजूला ठेवू आणि एका साध्या प्रश्नाकडे वळू. परभणी जिल्ह्यातील एखाद्या गावात घरामागे अंड्यांसाठी दहा कोंबड्या पाळायचे ठरले, तर सर्वांत आधी काय आणावे? बहुतेक जण विचारतात : जात कोणती घ्यावी? वर्षाला अंडी किती मिळतील? पिल्लू कितीला पडेल? हे प्रश्न योग्यच आहेत, पण ते दुसऱ्या दिवशी विचारायचे प्रश्न आहेत. पहिल्या दिवशी एक तापमापक आणि एक वही आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर तुमची आजी हसेल. “आम्ही जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण खुराड्यात तापमापक नाही टांगला,” असे म्हणेल. तिचे म्हणणे खोटे नाही. गावठी कोंबडी उकिरड्यावर स्वतःचे पोट भरते, उन्हाच्या वेळी लिंबाच्या सावलीला जाऊन बसते आणि पिल्लांना स्वतःच्या पंखांखाली ऊब देते. मात्र ती वर्षाला साधारण ६०-७० अंडी घालते. आज आपण आणतो ती ‘ग्रामप्रिया’सारखी, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत विकसित झालेली सुधारित जात. नीट सांभाळ झाला तर ती परसात गावठीच्या दुपटीहून अधिक अंडी देते. पण ही पिल्ले यंत्रात उबवलेली असतात. त्यांच्याबरोबर आई येत नाही. आईचे काम आपण पत्करायचे, तर आईला जे आपोआप कळते ते आपल्याला मोजून कळले पाहिजे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. पिल्ले दिव्याखाली एकमेकांना चिकटून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे. चोची उघडून दूर कडेला पळाली तर उकडते आहे. तापमापकाचा आकडा आणि पिल्लांची वागणूक या दोन्ही गोष्टी रोज ताडून पाहाव्यात.

आता मोठ्या कोंबडीचा विचार करू. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे तुम्ही शिकला आहात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा दुपारी सभोवतालची हवा कोंबडीपेक्षा गरम असते, म्हणजे उष्णता हवेतून कोंबडीकडे येऊ लागते. मग तिने थंड व्हायचे कसे? तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात. उरतो एकच मार्ग, तो म्हणजे बाष्पीभवन. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणून ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे पाणी बाहेर टाकते.

एवढे समजले की नवशिक्याच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. पाणी सावलीत आणि भरपूर का ठेवावे? कारण तेच तिचे शीतयंत्र आहे. नुसत्या पत्र्याचे छप्पर वाईट का? कारण तापलेला पत्रा खाली उष्णता प्रारित करतो. त्यावर तुऱ्हाट्यांचा किंवा कडब्याचा जाड थर द्यावा. ओली पोती चारही बाजूंनी लावावीत का? नाही. त्याने आतली हवा दमट होते आणि बाष्पीभवन मंदावते. पोती वाऱ्याच्या बाजूला लावून समोरची बाजू मोकळी सोडावी.

उन्हाळ्यात अंड्यांचे कवच पातळ होते, तेव्हा ‘चुना कमी पडला’ असे लोक म्हणतात. ते अर्धे खरे आहे. ५५ ग्रॅमच्या अंड्यात कवच सुमारे साडेपाच ग्रॅम असते आणि ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यात कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे प्रत्येक अंड्यामागे सुमारे २.२ ग्रॅम. नुसत्या ज्वारीतून एवढे मिळणे शक्य नाही. शिंपल्यांचा चुरा द्यावाच लागतो. पण धापा टाकताना कार्बन डायॉक्साइड जास्त प्रमाणात बाहेर जातो, रक्तातील बायकार्बोनेट घटते आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. शिवाय उकाड्यात कोंबडी खातेही कमी. दोष शिंपल्यांच्या चुऱ्याचा की छपराचा, हे केवळ अंडे पाहून सांगता येत नाही. शेजारी दुपारच्या तापमानाची नोंद असेल तरच सांगता येते.

‘कोंबडी रोज अंडे का देत नाही?’ हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. एक अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात. म्हणून अंडे रोज थोडे उशिरा येते, आणि वेळ दुपारपर्यंत सरकली की मध्ये एक दिवस खाडा पडतो. हा तिचा आळस नव्हे. हा हिशेब आहे. तसेच भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तासांचा उजेड लागतो. परभणीत सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. हिवाळ्यात अंडी घटतात त्याचे हे एक मोठे कारण. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांसाठी पहाटे दिवा लावून ही तूट भरून काढता येते.

आता वहीबद्दल. तिच्यात रोज पाच आकडे लिहायचे : दुपारी दोनचे तापमान, खाल्लेले खाद्य, प्यालेले पाणी, अंडी आणि मरतूक. दहा कोंबड्यांना दिवसाला एक किलोहून थोडे अधिक खाद्य लागते. तो आकडा अचानक घसरला, तर रोग दाराशी आला असण्याची शक्यता असते.

ही वही केवळ आपल्यापुरती नसते. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्ल्यूचे निदान झाले. मग परिसरातील कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी मेलेले पक्षी ओढ्यात फेकावेत आणि उरलेले गुपचूप बाजारात विकावेत, असा मोह होतो. गरिबाचे पैसे त्यात अडकलेले असतात, हे मी जाणतो. तरीही हा मोह शेजारच्या दहा गावांना महागात पडतो. मरतुकीचा आकडा वाढताच मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. लपवण्यात शहाणपण नाही.

राणीखेत रोगाला मात्र लस आहे आणि ती वेळेवर द्यावी. जिवंत विषाणूची ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. एस.टी.च्या प्रवासात पिशवीत तापलेली लस म्हणजे नुसते पाणी! बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच ती आणावी. येथेही कोंबडीचा जीव तापमानावरच अवलंबून आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. उष्णतेचा धडा शिकवताना गावातल्या एखाद्या खुराड्याचे तापमान मुलांना घ्यायला लावा. तापमापकाला फार खर्च येत नाही, आणि पुस्तकातला नियम कुणाच्या तरी घरचे नुकसान वाचवू शकतो हे मुलांना दिसते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी पिल्ले आणण्याचे घाटत असेल, तर आधी सात दिवस रिकाम्या खुराड्यात कोंबडीच्या उंचीवर तापमापक टांगा आणि दुपारी दोनचा आकडा लिहा. तो ४० च्या पुढे जात असेल, तर घरच्यांना वही दाखवा. आधी छप्पर सुधारा. पिल्ले त्यानंतर आणा.