चिंचोक्यांचे गणित

‘मलाच गणित येत नाही, मी मुलाला काय शिकवणार?’ शाळा अर्ध्यावर सुटलेल्या अनेक पालकांच्या तोंडून मी हे ऐकले आहे. मला ते पटत नाही. बाजारात सुट्या पैशांचा हिशेब चोख ठेवणारी, माणसे मोजून पीठ मळणारी आई रोज गणितच करत असते. फक्त तिने त्याला ते नाव दिलेले नसते.

आपले जुने खेळच पाहा. पाच सागरगोट्यांपैकी एक वर उडवायचा आणि तो झेलण्याआधी खालचे चार उचलायचे. प्रथम एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. चार या संख्येची फोड किती प्रकारे होते, हे बोटांना आधी कळते. पाटीवर ते नंतर येते. मुठीत चिंचोके लपवून ‘एकी की बेकी?’ असे विचारावे. मूठ उघडली की मूल जोड्या लावते. एक उरला तर एकी. सम-विषम समजावण्याची याहून सोपी रीत मला ठाऊक नाही. (मूल फारच लहान असेल तर चिंचोके नकोत, ते तोंडात जातात.)

खरी अडचण आहे ती संख्यांच्या नावांची. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र २ आधी लिहितो. मग मूल ५२ लिहिते, यात नवल ते काय? ‘एकोणतीस’ ऐकून ते ३९ लिहिते. कन्नड आणि तेलुगू भाषांत वीस आधी, पाच नंतर येतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशीही वाचनपद्धती आली, तेव्हा मोठा वाद झाला. माझ्या मते घरात दोन्ही नावे सुखाने नांदावीत. दहा काड्यांची एक, अशा दोन जुड्या बांधाव्यात, शेजारी पाच सुट्या काड्या ठेवाव्यात आणि म्हणावे, ‘वीस आणि पाच, पंचवीस.’

मात्र खेळाची परीक्षा करू नये. चुकल्यावर रागावलो की मूल खेळही सोडते आणि गणितही.

माझ्या आजीला सही करता येत नसे. शेंगा वाटताना ती मुद्दाम एखाद्याला कमी देई आणि तक्रारीची वाट पाही. तक्रार आली की म्हणे, ‘किती कमी पडल्या ते सांग, तेवढ्या देते.’