घरचा पैसा : बांधकाम कंपन्यांचे शेअर

गुंजवण्याच्या एका वाचकांनीं विचारिलें आहे कीं, एकत्र कुटुंबाच्या शिलकेंतून हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनचे शेअर घ्यावे कीं लार्सन अँड टुब्रोचे? प्रश्न नाजूक आहे. पैसा एकट्याचा नव्हे.

वालचंद हिराचंदांनीं १९२६ सालीं काढिलेल्या पहिल्या कंपनीच्या कर्तबगारीविषयीं शंका नको. कोयनेचें धरण तिनें बांधिलें, वांद्रे-वरळी सागरी सेतूही तिचाच. परंतु धरण भक्कम म्हणून शेअरही भक्कम, हें अनुमान चुकीचें होय. तिच्या उपकंपनीनें मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांत आरंभिलेलें लवासा प्रश्नकर्त्यांस दूर नाहीं. २०१० सालीं पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविलें. कर्जाचें व्याज थांबलें नाहीं, आणि २०१८ सालीं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेलें. शिवाय कंपनीचीं सरकारी कामांचीं येणीं लवादांत वर्षानुवर्षें अडकलीं. (येणें असणें व पैसा हातीं पडणें यांतील अंतर जुन्या घरांस सांगावयास नको!)

१९३८ सालीं दोघां डॅनिश गृहस्थांनीं मुंबईस स्थापिलेल्या दुसरीस बांधकामाखेरीज संगणकसेवेच्या उत्पन्नाचाही आधार आहे. आमचें मत तिकडे झुकतें. तथापि भाव फार चढला असतां घाई करूं नये. दोहोंचे ताळेबंद पाहावे, त्यांतही कर्ज व येणीं प्रथम. मुलांच्या शिक्षणास दोन वर्षांत लागणारा पैसा मात्र दोहोंतही घालूं नये.