टोकदार डोंगर

आपल्याकडच्या कोणत्याही मुलाच्या हाती कागद द्या आणि 'बाहेरचे दृश्य काढ' म्हणून सांगा. ते खिडकीकडे ढुंकूनही पाहणार नाही. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या बेचक्यातून अर्धा वर आलेला सूर्य, तिथूनच निघून थेट आपल्या अंगावर येणारी नदी, काठाला एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात आडव्या पडलेल्या तीनच्या आकड्यांसारखे पक्षी. कोल्हापूर असो की नागपूर, सामान हेच. ऋतू कोणता का असेना! पावसाळा असला तर वरून चार तिरप्या रेघा ओढल्या, की झाले.

माझा धंदा मराठी शिकवण्याचा, हे ह्या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. चित्रकलेशी माझे नाते चौथीतच तुटले. साताऱ्यात आमच्या घरातून अजिंक्यतारा दिसे. माथा सपाट, पाट मांडावा तसा. मी तो तसाच काढला. आमच्या गुरुजींनी खोडरबराने तो माथा पुसला आणि वर एक छानसे टोक काढून दिले. "डोंगर असा असतो," ते म्हणाले. रागावले नाहीत, उलट कौतुकाने शिकवले. शाळेतून परतताना मी अजिंक्यताऱ्याकडे पाहिले आणि मला वाटले, चूक त्याचीच असावी. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना वर्गातल्या मुली नटूनथटून निघाल्या, तेव्हा मी घरीच राहिले.

म्हणून गेल्या वर्षी नवरात्रात माझी दहा वर्षांची भाची शाळेतल्या स्पर्धेसाठी 'शरद ऋतू' असे शीर्षक घालून त्याखाली दोन त्रिकोण काढताना दिसली, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. तिला आणि शेजारच्या दोन मुलांना घेऊन मी गच्चीवर गेले. आम्ही राहतो सिंहगड रस्त्यावर. गच्चीवरून नैर्ऋत्येला सिंहगड दिसे, माथ्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यासकट.

"टोक कुठे आहे, दाखवा बरं."

तिघांनीही शोधले. टोक नव्हते. होता तो लांबट सपाट माथा, त्याखाली उभा कडा, मग उतार, पुन्हा एक छोटा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले. ऊनपावसाने त्यांतले मऊ थर लवकर झिजले, कठीण राहिले, आणि सह्याद्रीला अशा पायऱ्या पडल्या. भूगर्भशास्त्रात ह्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे बरे! तो पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. (मराठीच्या मास्तरणीला असले काही सांगितल्यावाचून राहवत नाही.) "म्हणजे पायऱ्याच काढायच्या?" शेजारचा धाकटा म्हणाला आणि कामाला लागला.

मग हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीने गड मोजला. भरला जेमतेम एक पेर. भाचीच्या त्रिकोणांनी अर्धा कागद व्यापला होता. ती बराच वेळ कधी पेन्सिलीकडे, कधी गडाकडे पाहत राहिली. सूर्याचाही निकाल लागला. आश्विनात तो गडाच्या उजवीकडे पार दूर मावळतो, बेचक्यात वगैरे काही नाही.

रंगांना मात्र माझा धंदा उपयोगी पडला. जलरंगांच्या पेटीत हिरव्याच्या दोनच वड्या. मुलांच्या लेखी जगात हिरवे दोनच, 'लाइट' आणि 'डार्क'. मी 'हिरवा' हा शब्दच बंद केला. आपल्याकडे रंगांना वस्तूंची नावे आहेत: पोपटी, शेवाळी, मोरपंखी, आमसुली, तपकिरी. (तपकीर म्हणजे काय, ते आजोबांची चांदीची डबी आठवून सांगावे लागले.) समोरच्या मोकळ्या जागेतल्या गवताला तुम्ही नाव द्या, म्हटले. थोरला म्हणाला, "पिकत आलेल्या लिंबाचा." भाची म्हणाली, "शिजलेल्या गवारीचा." दोघांचेही बरोबर होते. पाऊस सरला की गवत शेंड्याकडून वाळू लागते, बुंध्याशी ओल असते. त्यात टाकळ्याची पिवळी फुले. मग हिरव्यात पिवळा, त्यात कणभर तपकिरी, असे मिसळत वाडग्यातले पाणी तीनदा बदलले.

गड हिरवा नाही, हे तिघांनाही मान्य होते. त्यावर झाडे आहेत हे ठाऊक असूनही. मधल्या कित्येक मैलांच्या हवेतून निळा प्रकाश विखरून त्याच्यावर चढतो. धाकट्याने नाव दिले: "शर्टावरचा जांभळाचा डाग, आईने दोनदा धुतलेला." माझ्या बी. ए. च्या वर्गातून अशी उपमा निघाली असती, तर मी पेढे वाटले असते.

इथवर मी स्वतःवर खूश होते. मग भाचीने कागदाच्या डाव्या बाजूला एक उंच चौकोन काढला. समोर अकरा मजली इमारत उठत होती, हिरव्या जाळीत गुंडाळलेली, गडाची डावी सोंड झाकणारी. दोन्ही मुलांनी ती सोडून दिली होती.

"अगं, ती कशाला? स्पर्धेचं चित्र आहे. गड सगळा दिसू दे."

"पण मावशी, ती आहे ना तिथे."

खोडरबर माझ्या हातात होता. नुसता हातात नव्हता, कागदापर्यंत पोचला होता. तो मी परत डबीत टाकला, आणि मुलांनी पाहिले नाही असे स्वतःला सांगितले.

गवताला जो तयार हिरवा मी वापरू दिला नव्हता, तो जाळीला तंतोतंत जुळला. काहीही मिसळावे लागले नाही. सातव्या मजल्यावर जाळी फाटली होती आणि आत कामकऱ्यांची धुणी वाळत होती. तिथे भाचीने लाल साडीचा एक ठिपका दिला.

बक्षीस दुसऱ्याच कुणाच्या त्रिकोणांना मिळाले. इमारत ह्या वर्षी पुरी झाली. आता गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवर दोन पायऱ्या चढले, तर मनोऱ्याचे टोक दिसते. माथा दिसत नाही. भाचीच्या चित्रात तो आहे, जेमतेम एक पेर.