नव्या वास्तूचा वास

गेल्या दसऱ्याला आमच्या एका नातलगांचे कापडाचे दुकान नव्या सजावटीसह पुन्हा उघडले. सुतार आदल्या रात्री उशिरापर्यंत काम करीत होते. सकाळी पूजा झाली, पेढे वाटले गेले, काचेची दारे लावून एसी सुरू झाला. आठ-दहा दिवसांतच गल्ल्यावर बसणाऱ्या पुतण्याचे डोळे चुरचुरू लागले, घसा धरला, दुपारनंतर डोके ठणकू लागले. दिवाळीच्या गर्दीचा शीण समजून गोळ्या घेतल्या गेल्या. परंतु दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी त्याला काहीच होत नसे. घरच्या डॉक्टरांनी नेमका तोच धागा पकडला. दोष प्रकृतीत नव्हता, दुकानाच्या हवेत होता.

नव्या फर्निचरचा उग्र वास आपल्याला वैभवाचा वाटतो. वस्तुतः तो प्लायवूड, एमडीएफ, पॉलिश, थिनर आणि चिकटद्रव्यांतून सुटणाऱ्या वायूंचा वास असतो. रंग व थिनरमधील टोल्युईन, झायलीन यांसारखी द्रव्ये बहुतांशी पहिल्या काही दिवसांत वा आठवड्यांत उडून जातात. फॉर्मल्डिहाइड मात्र चिवट. स्वस्त प्लायवूडचे थर ज्या युरिया-फॉर्मल्डिहाइड राळेने जोडलेले असतात, ती उष्णता व दमटपणा लागला की हळूहळू विघटित होते आणि महिनोन्‌महिने हा वायू सोडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत केली. घरातील हवेत त्याचे प्रमाण अर्ध्या तासाच्या सरासरीने दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी संघटनेची २०१० ची मर्यादा आहे. थोड्या दिवसांच्या संपर्काने लगेच कर्करोग होतो, असा याचा अर्थ नव्हे. पण दमेकरी, गर्भवती स्त्रिया, तान्ही बाळे आणि दिवसाचे दहा-बारा तास त्याच जागेत काढणारी दुकानातील माणसे यांच्या बाबतीत हयगय परवडणारी नाही.

एसीविषयी एक गैरसमज फार पक्का आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. आतलीच हवा गार करून फिरवतो. वास मारण्यासाठी धूप किंवा सुगंधी फवारा वापरला, तर त्या हवेत धुराची वा आणखी रसायनांची भर पडते. कोपऱ्यात कुंड्या ठेवून हवा शुद्ध होते, ही समजूत १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून रूढ झाली. पण तो प्रयोग लहान बंद पेट्यांत झाला होता. नांदत्या घरात झाडांचा परिणाम नगण्यच. हवा शुद्ध करणारे यंत्र घेतले, तर त्यात सक्रिय कोळशाचा भरपूर थर आहे ना, हे पाहावे. नुसती हेपा जाळी धूळ अडवते, वायू नव्हे.

खरा उपाय खरेदीच्या वेळीच करावयाचा असतो. भाव करण्यात आपण कुशल. तेवढ्याच बारकाईने प्लायवूडवरील शिक्का वाचावा. आयएस ३०३ मधील एमआर प्रतीत बहुधा युरियाची राळ असते. बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० चे प्लायवूड फिनॉलच्या राळेने जोडलेले असल्याने वायू पुष्कळ कमी सोडते. कपाटाची पाठ, आतली बाजू व कडा उघड्या न ठेवता लॅमिनेटने झाकून घ्याव्यात. आणि जुना रंग कोरडा खरवडू देऊ नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते.

आपल्याकडे मुहूर्त आधी ठरतो आणि काम त्याच्या मागे धावते. शिवाय दिवाळीनंतरच्या लग्नसराईसाठी नवदांपत्याची खोली सजते ती नेमकी भाद्रपदात, म्हणजे दमट दिवसांत. म्हणून सुतार आणि रंगारी यांना मुहूर्ताच्या किमान एक महिना आधी मोकळे करावे. त्या महिन्यात कपाटांची दारे, खणही उघडे ठेवून समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळू द्यावा.

आमच्या नातलगांनी उशिरा का होईना, मागच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला आणि दुकान उघडण्यापूर्वी तासभर शटर व दारे सताड उघडी ठेवू लागले. पुतण्याला उतार पडायला संक्रांत उजाडली. शेजारच्या गाळ्याचे काम आता सुरू झाले आहे, आणि प्लायवूड कोणते, हे विचारायला तोच गेला होता.