घोडा गेला, रजा कसली टाकायची?

ऑफिसच्या रजेच्या नियमांत 'कुटुंब' म्हणजे कोण, हे अगदी मोजून लिहिलेलं असतं. आई, वडील, नवरा, बायको, मुलं. काही ठिकाणी दिलदारपणे सासू-सासरे. एचआरच्या लेखी माणसाचा गोतावळा तिथे संपतो. आता या यादीत 'घोडा' लिहून बघा. हसलात ना? सगळेच हसतात.

आणि त्या हसण्याच्या भीतीनंच माझा एक मित्र एका सोमवारी चक्क खोटं बोलला. 'फूड पॉयझनिंग झालंय, आज येत नाही,' असा मेसेज बॉसला टाकला आणि फोन बंद करून शेतात जाऊन उभा राहिला. तिथे जेसीबी खड्डा खणत होता. पाखऱ्यासाठी.

पाखऱ्या त्यांचा घोडा. वय वर्षं बावीस. मित्राचं घर कोल्हापूरच्या जवळच, करवीर तालुक्यात. आजोबांची घोड्याची हौस जुनी. शर्यत नाही, लग्नाची वरात नाही, निव्वळ हौस! आजोबा गेले, पण घोडा राहिला. मित्र सकाळी खरारा करायचा, हरभरा घालायचा आणि मग आंघोळ करून, डिओ मारून ऑफिसला यायचा. तरी थोडा तबेल्याचा वास राहायचाच. आम्ही चिडवायचो. तो म्हणायचा, "तुमच्या परफ्यूमपेक्षा महाग आहे हा वास!"

त्या रविवारी रात्री पाखऱ्यानं खाणं सोडलं. सारखा मागे वळून पोटाकडे बघायला लागला, पायानं जमीन उकरायला लागला. घोडेवाल्या घरांत या खुणा लहान पोरांनाही कळतात. पोटशूळ. डॉक्टर त्याला कोलिक म्हणतात. आपलं पोट बिघडलं तर एक उलटी होऊन मोकळं तरी वाटतं. घोड्याला ती सोयच नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की पोटात गेलेलं वर येतच नाही. त्यात आतडं लांबलचक. गॅस धरला किंवा आतड्याला पीळ पडला, की पाचशे किलोचा हा जीव काही तासांत हातातून जाऊ शकतो.

मित्र आणि त्याचे वडील आळीपाळीनं त्याला अंगणात फिरवत होते. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, नाकातून नळी घालून झाली. पहाटे पाखऱ्या बसला तो उठलाच नाही. मित्रानं मान मांडीवर घेतली होती. "घोड्याची मान किती जड असते, तुला कल्पना नाही," एवढंच तो मला नंतर म्हणाला.

सकाळी खड्डा, त्यात मीठ, वर झूल. आईनं हळद-कुंकू वाहिलं. वडिलांनी काय केलं असेल? शेजारच्या गोठ्यातली घोडी सोडून आणली आणि तिला पाखऱ्यापाशी उभी केली. तिनं नाकपुडी लावून वास घेतला, थोडा वेळ थांबली आणि गवताकडे वळली. हा काही वेडेपणा नव्हता. जोडीनं राहणाऱ्या घोड्यांतला एक गेला, तर दुसऱ्याला त्याच्याजवळ जाऊ द्यावं, असं घोड्यांचे जाणकारही सांगतात. नाहीतर मागे राहिलेला दिवसचे दिवस हाका मारत बसतो. निरोप घ्यायची गरज त्यांनाही असते म्हणायची!

मंगळवारी मित्र ऑफिसला आला. "काय रे, वडापाव बाधला वाटतं?" कोणीतरी विचारलं. "हो," तो म्हणाला आणि एक्सेल उघडून बसला.

मला खटकलं ते हे. कुत्रा किंवा मांजर गेलं, तर आताशा लोक स्टेटस ठेवतात, मित्रमंडळी फोन करतात. घोड्याचं दुःख मात्र धड घरातलं नाही आणि धड बाहेरचंही नाही. तो सोफ्यावर झोपत नाही. तो कामाचा असतो. आणि कामाचा जीव गेला की लोक विचारतात, "कितीचा होता?" वय नव्हे, किंमत! घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. म्हणजे शाळेत असताना घरी आलेलं शिंगरू तुमचं लग्न, पहिली नोकरी, पहिला ईएमआय सगळं बघतं. एवढी सोबत करणाऱ्याची 'किंमत' काय सांगायची?

खरं तर कोल्हापूरला घोडा परका नाही. कावळा नाक्याला रोज सिग्नलला थांबताना समोर कोण असतं? महाराणी ताराराणी आणि पुढचे पाय हवेत उचललेला त्यांचा घोडा. शिल्पकार रवींद्र मेस्त्रींचं हे काम. शाहू महाराजांच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्यांना त्यांचा 'खडखडा' ठाऊक असतो. ती त्यांची घोड्यांची गाडी. महाराज स्वतः लगाम हातात घेऊन ती हाकायचे. आणि त्यानंतरच्या पिढ्यांचे टांगे! माझी आई टांग्यातून शाळेत जायची. परवा तिला विचारलं, टांगेवाल्या मामांचं नाव काय होतं गं? तिला आठवेना. घोडीचं नाव? "चंद्री!" एका क्षणात. कपाळावर पांढरा ठिपका होता, गूळ दिला की मान हलवायची, पावसात कान मागे पाडायची. पन्नास वर्षांनंतरही सगळं जसंच्या तसं.

"मग चंद्रीचं काय झालं?" मी विचारलं. आई गप्प झाली. "रिक्षा आली," म्हणाली. एवढंच तिला माहीत.

सगळीकडे हेच झालंय. मुंबईत १८७४ साली ट्राम सुरू झाली, ती घोड्यांची. कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते म्हणे. १९०५ साली ती बंद झाली आणि १९०७ला विजेची ट्राम धावली. या तारखा बेस्टच्या इतिहासात सापडतात. त्या ९०० घोड्यांना निरोप कोणी दिला, ते काही वाचायला मिळत नाही. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. कारण रास्त होतं, जनावरांचे हालच होते. पण बातम्यांतले फोटो आठवा. चांदीसारखी चमचमणारी गाडी, मागे गेटवे, आणि घोडा अर्धा फ्रेमच्या बाहेर! आपण वाहनाला निरोप देतो. ते ओढणाऱ्याला नाही.

राणा प्रतापांचा चेतक त्या मानानं नशीबवान. १५७६ च्या हळदीघाटीनंतर त्याची समाधी झाली आणि १९७२ साली पुण्याच्या बजाजनं स्कूटरला त्याचं नाव दिलं. २०२० मध्ये ती इलेक्ट्रिक होऊन परत आली. आज चार्जिंगला लावताना त्यातल्या किती जणांना तो घोडा आठवत असेल, हा प्रश्न वेगळा.

पण साध्या, काम करणाऱ्या घोड्याला मानानं निरोप देता येतो. आपल्याच भागातल्या लोकांनी तो दिलाय. चिकोडी तालुक्यातलं कृष्णाकाठचं अंकली माहीत आहे? सीमेपलीकडचं, बेळगाव जिल्ह्यातलं. तिथल्या शितोळे सरकारांचे दोन अश्व दर वर्षी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यासाठी निघतात. ट्रकमधून नाही, पायी. साधारण ३०० किलोमीटर चालत आळंदीला पोचतात आणि मग वारीबरोबर पुन्हा पंढरपूरपर्यंत चालतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनचा हा शितोळ्यांचा मान. एका घोड्यावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच नसतं. कोणी दिसत नाही, असं म्हणूया. कारण त्यावर माउली बसतात, ही लाखो वारकऱ्यांची श्रद्धा. रिंगणात हे अश्व धावून गेले, की माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावतात.

जुलै २०१८ मध्ये पालखी पुण्यात असताना त्यातला हिरा हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. पंढरपूर अजून कितीतरी लांब होतं. एका घोड्याच्या जाण्याची बातमी त्या दिवशी सगळ्या मराठी चॅनेल्सवर होती. आणि बातमीत 'एक घोडा' नव्हता, 'हिरा' होता. हार आले, माणसं रांगेनं पाया पडली, डोळे पुसले. कितीचा होता, असं कोणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. मग वारी पुढे निघाली, कारण वारी थांबत नाही. रिंगणंही झाली. त्याची जागा दुसऱ्या अश्वानं घेतली, पण हिरा हिराच राहिला. वारीतली मंडळी आजही त्याचं नाव काढतात.

आणि अलीकडचंच आठवा. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं गुजरातला, वनताराला गेली, तेव्हा आपला जिल्हा कसा रडला होता! निर्णय बरोबर की चूक, यावर वाद झाले आणि होत राहतील. पण त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडताना कोणालाच लाज वाटली नाही. गर्दी होती ना सोबत. म्हणजे जनावरासाठी रडणं आपल्याला जमतं. अडतं ते एकट्या माणसाचं, सोमवारी सकाळी, ऑफिसला मेसेज टाईप करताना.

एचआर पॉलिसी माझ्या कॉलमनं बदलेल, एवढी मी भोळी नाही. पण आपल्या हातात काही गोष्टी आहेत. कोणाचा घोडा, बैल, म्हैस, कुत्रा गेला असं कळलं, तर 'अरेरे' म्हणून विषय बदलू नका. 'दुसरा आण की' तर मुळीच म्हणू नका. त्याचं नाव विचारा. नाव घेतलं की माणूस आपोआप बोलायला लागतो. सवयी सांगतो, खोड्या सांगतो, मध्येच हसतो. आणि निरोप तुमच्यावरच आला, तर शेपटीचे चार केस जपून ठेवा. परदेशात लोक त्याचं ब्रेसलेट विणून घेतात. आपल्याकडे डब्यात नाल ठेवला तरी चालतो. फोटो प्रिंट करून घ्या, फोन बदलला की ते हरवतात. आणि जमलंच तर रजेचं खरं कारण लिहा. कोणीतरी एकानं पहिल्यांदा लिहिलं, तर पुढच्याला सोपं जाईल.

तोवर सोपा होमवर्क. या वीकएन्डला पन्हाळ्यावर किंवा रंकाळ्याला फिरायला आलेला घोडा दिसला, तर सेल्फीच्या आधी घोडेवाल्या मामांना एक विचारा, "ह्याचं नाव काय हो?" बघा त्यांचा चेहरा कसा खुलतो ते. आणि हो, घोड्याला गूळ द्यायचा असेल, तर मामांना विचारूनच!